बेसबॉलचं हॉल ऑफ फेम: कोण आत हवं, कोण बाहेर, आणि सगळे भांडतात कशावरून (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर जानेवारीत निकाल लागला की तेच तेच प्रश्न येतात, आणि इथे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या पिकनिकला तर हमखास येतात, कारण मुलं इथे वाढलेली, त्यांना बेसबॉल कळतो आणि आईबापांना फक्त होमरन कळतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर भांडा, हा विषय भांडायचाच आहे.

हे हॉल ऑफ फेम म्हणजे नक्की काय आणि आहे कुठे?

न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे. गावाची वस्ती दोन हजारसुद्धा नाही, पण जुलैमध्ये सोहळा असला की पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला म्युझियम आणि एका हॉलमध्ये निवडून आलेल्यांचे ब्राँझचे फलक. पहिले पाच १९३६ मध्ये निवडले: टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. इमारत १९३९ मध्ये उघडली.

गंमत म्हणजे हेच गाव का, तर म्हणे ॲब्नर डबलडे नावाच्या माणसाने १८३९ मध्ये इथे बेसबॉल शोधून काढला. साफ खोटं आहे हे, इतिहासकारांनी कधीच निकालात काढलंय. खरं कारण असं की गावात सिंगर शिवणयंत्रवाल्यांचे वारसदार राहायचे, त्यातल्या स्टीफन क्लार्कला मंदीच्या काळात गावात पर्यटक यावेत असं वाटत होतं. म्हणजे ज्या दंतकथेवर सगळं उभं आहे तीच बनावट, आणि तिथे बसून खेळाडूंच्या चारित्र्याची चर्चा चालते.

मत कोण देतं? फॅन लोकांना मत आहे का?

नाही. बेसबॉल कव्हर करणाऱ्या पत्रकारांची संघटना आहे, तिचं किमान दहा वर्षं सभासदत्व झालेले लोक मत देतात. खेळाडू किमान दहा सीझन खेळलेला हवा, रिटायर होऊन पाच वर्षं झालेली हवीत. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते. ७५ टक्के मिळाले की आत. नाही मिळाले तर पुढच्या वर्षी परत, असं दहा वर्षं (२०१४ पर्यंत पंधरा होती). आणि पाच टक्क्यांच्या खाली गेला की पत्रकारांच्या यादीतून नाव कायमचं उडालं, पहिलं वर्ष असलं तरी. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, खाली मला त्याच्यावर बरंच बोलायचंय.

पत्रकारांकडून सुटलेल्यांसाठी दुसरा दरवाजा आहे, सोळा जणांच्या कमिट्या. त्यात आधीच हॉलमध्ये असलेले खेळाडू, क्लबचे मालक-मॅनेजर लोक आणि काही पत्रकार. तिथे बारा मतं लागतात.

शंभर टक्के कुणाला मिळालेत?

एकालाच. मारियानो रिव्हेरा, २०१९, ४२५ पैकी ४२५. पुढच्या वर्षी डेरेक जीटरला ३९७ पैकी ३९६ आणि २०२५ मध्ये इचिरोला ३९४ पैकी ३९३. तो एक मतदार कोण हे दोन्ही वेळा पुढे आलं नाही, आणि येणारही नाही, कारण मत जाहीर करायची सक्ती नाही. बेब रूथलाही शंभर टक्के मिळाले नव्हते, तेव्हा इचिरोच्या फॅन्सनी फार मनाला लावून घेऊ नये.

बॅरी बाँड्स एवढा मोठा, मग बाहेर का?

स्टेरॉइड. ७६२ होमरन (ऑल टाइम रेकॉर्ड), २००१ च्या एका सीझनमध्ये ७३ (तोही रेकॉर्ड), सात वेळा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू). पिचर (चेंडू टाकणारे) त्याला इतके टरकायचे की ६८८ वेळा त्याला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे बाबा तू मारूच नकोस, फुकटात फर्स्ट बेसला जाऊन उभा राहा. पण खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बॅल्को लॅबच्या प्रकरणात नाव आलं, मग २००७ च्या मिचेल रिपोर्टमध्ये (स्टेरॉइडची चौकशी) आलं, आणि पत्रकारांनी दहाही वर्षं अडवून धरलं. शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, ६६ टक्के. रॉजर क्लेमेन्सचंही तेच, ३५४ विजय, सात साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस), आणि ६५.२ टक्के.

मग कमिटीकडे गेले. डिसेंबर २०२२ मध्ये दोघांना चार मतंसुद्धा मिळाली नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा पाचच्या खाली, आणि त्याच दिवशी बाँड्सचा जुना टीममेट जेफ केंट १४ मतं घेऊन आत गेला. या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही, डगआउटमध्ये हाणामारी झालेली लोकांनी टीव्हीवर पाहिलीय, त्यामुळे बाँड्सला त्या दिवशी काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक. नवीन नियमाने पाचपेक्षा कमी मतं पडली की पुढची फेरी बाद, म्हणजे आता २०३१ च्या आधी नाव येणारच नाही, आणि तेव्हाही पाचच्या खाली राहिला तर दार कायमचं बंद.

आणि म्युझियममध्ये बाँड्सच्या ७५६ व्या होमरनचा चेंडू मात्र आहे. एका फॅशन डिझायनरने तो विकत घेतला, याचं काय करू म्हणून लोकांना ऑनलाइन मत द्यायला लावलं, आणि लोकांनी सांगितलं म्हणून त्यावर फुलीसारखी चांदणी (म्हणजे या रेकॉर्डवर शंका) कोरून दान केला.

मग डेव्हिड ऑर्टिझ कसा आत गेला? त्याचंही नाव होतं ना?

होतं, हो. २००३ मध्ये खेळाडूंची स्टेरॉइडची टेस्ट झाली, ती गुप्त राहणार होती, २००९ मध्ये त्यात ऑर्टिझचं नाव असल्याची बातमी फुटली. ऑर्टिझ म्हणाला मी स्टेरॉइड घेतलं नाही, आणि कमिशनर (मेजर लीगचा प्रमुख) रॉब मॅनफ्रेडनेही नंतर सांगितलं की त्या यादीतले काही निकाल वादग्रस्त होते. ठीक आहे. पण २०२२ मध्ये ऑर्टिझ पहिल्याच वर्षी आत आणि त्याच मतमोजणीत बाँड्स बाहेर, हे बघून माणूस चक्रावणारच. ऑर्टिझ हसरा, गप्पिष्ट, पत्रकारांचा लाडका. बाँड्स लॉकररूममध्ये पत्रकारांना उभं करायचा नाही. मत पत्रकारांच्या हातात. यात सगळं आलं.

चारित्र्याचा काही नियम आहे म्हणतात तो काय?

मतदारांच्या नियमात एक ओळ आहे की खेळाडूचा रेकॉर्ड आणि कौशल्य तर बघाच, पण सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही बघा. ऐकायला छान आहे. पण आत कोण आहेत बघा ना. कॅप अँसन, ज्याने एकोणिसाव्या शतकात काळ्या खेळाडूंसमोर खेळायला नकार दिला. कमिशनर लँडिस, ज्याच्या चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत एकही काळा खेळाडू मेजर लीगमध्ये आला नाही. गेलॉर्ड पेरी, जो चेंडूला थुंकी-व्हॅसलीन लावायचा आणि वर उघडपणे सांगायचा. साठ-सत्तरच्या दशकात क्लबहाउसमध्ये ॲम्फेटामाइनच्या गोळ्या चालायच्या, ते खेळाडूही आत आहेत. आणि स्टेरॉइडच्या काळात कमिशनर असलेला बड सीलिग २०१७ मध्ये आत गेला, त्या काळात टीम चालवणारे मॅनेजर २०१४ मध्येच गेले होते. दुकानाचा मालक आत आणि नोकर बाहेर, असला हिशोब मला तरी पटत नाही.

म्हणजे तुमच्या मते बाँड्स हवा?

हवा. १९९८ पर्यंतच, म्हणजे ज्याच्या आधी त्याच्यावर फारसं कुणी बोट दाखवत नाही तोवर, त्याचे ४०० होमरन आणि ४०० चोरलेले बेस झाले होते, असं करणारा तो पहिला माणूस, तीन एमव्हीपी आणि आठ गोल्ड ग्लव्ह (फील्डिंगचं बक्षीस) वेगळेच. त्यात मेजर लीगने त्याला स्टेरॉइडसाठी एकदाही सस्पेंड केलेलं नाही. क्लेमेन्सही हवा.

मॅनी रामिरेझ आणि ॲलेक्स रॉड्रिग्ज यांच्याबाबत मात्र मी ठाम नाही. टेस्टिंग सुरू झाल्यावर, शिक्षा काय ते माहीत असताना, हे पकडले गेले. मॅनी दोनदा, आणि रॉड्रिग्ज तर २०१४ चा अख्खा सीझन घरी बसला. नियमच नव्हते तेव्हाची गोष्ट वेगळी आणि नियम असताना मोडणं वेगळं. पिकनिकला या मुद्द्यावर माझ्याशी कुणी सहमत होत नाही, म्हणतात एक तर सगळ्यांना घ्या नाहीतर कुणालाच नको.

पीट रोज आता येणार का?

४२५६ हिट्स, आजवर एवढे कुणाचे नाहीत. ऑगस्ट १९८९ मध्ये सट्ट्यावरून कायमची बंदी. बंदी घालणारा कमिशनर बार्ट जियामाटी आठ दिवसांत हार्ट ॲटॅकने गेला. चौकशी अहवालात असं होतं की १९८७ मध्ये सिनसिनाटी रेड्स टीमचा मॅनेजर असताना रोजने स्वतःच्याच टीमच्या ५२ मॅचेसवर पैसे लावले. पंधरा वर्षं तो नाही नाही म्हणत राहिला आणि २००४ मध्ये कबूल केलं. तोवर हॉलने १९९१ मध्ये नियम केला होता की बंदी असलेल्याचं नाव मतपत्रिकेवर येणारच नाही.

३० सप्टेंबर २०२४ ला रोज गेला. मे २०२५ मध्ये मॅनफ्रेडने ठरवलं की माणूस वारला की बंदी संपते, आणि रोजसकट सतरा जणांची नावं यादीतून काढली. त्यामुळे आता डिसेंबर २०२७ मध्ये जुन्या काळाच्या कमिटीसमोर त्याचं नाव येऊ शकतं.

माझं मत विचाराल तर मी द्यायचो नाही. लोक म्हणतात स्वतःच्या टीमच्या विरुद्ध तर नाही ना लावले, जिंकण्यावरच लावले. अहो पण मॅनेजर आज पैसे लावतो आणि उद्या लावत नाही, तेव्हा त्या न लावण्यातूनच बुकीला कळतं की आज गडी जोरात नाही. आणि ज्या दिवशी पैसे लावलेत त्या दिवशी दमलेल्या पिचरला आणखी एक इनिंग ताणायचा मोह होणारच. प्रत्येक क्लबहाउसच्या भिंतीवर हा नियम लावलेला असतो, पीट रोज खेळाडू म्हणून चोवीस सीझन त्याच्यासमोरून गेला. आपल्याकडे २००० साली फिक्सिंगचं प्रकरण झालं तेव्हा घराघरात जी चिडचिड झाली ती आठवा, म्हणजे बेसबॉलवाले या एका गोष्टीत इतके कडक का ते समजेल.

आणि शूलेस जो जॅक्सन?

१९१९ ची वर्ल्ड सिरीज, शिकागो व्हाइट सॉक्सचे आठ जण, जुगाऱ्यांकडून पैसे. १९२१ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं तरी लँडिसने दुसऱ्याच दिवशी कायमचं घरी बसवलं. जॅक्सनने पैसे घेतले हे खरं, पण त्या सिरीजमध्ये त्याची सरासरी .३७५ आणि बारा हिट्स. हरायला निघालेला माणूस असा खेळतो का, या प्रश्नावर शंभर वर्षं लोक वाद घालतायत. मला त्याच्याबद्दल रोजपेक्षा जास्त वाईट वाटतं. त्याचाही नंबर आता २०२७ लाच.

तुम्ही पाच टक्क्यांच्या नियमाबद्दल बोलणार होतात?

हो, आणि खरं तर याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. बाँड्स-रोजच्या गोंगाटात ज्यांच्यावर खरा अन्याय झाला त्यांची नावंसुद्धा कुणी घेत नाही.

लू व्हिटेकर घ्या. डेट्रॉइट टायगर्सचा सेकंड बेसमन. ९ सप्टेंबर १९७७ ला बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये तो आणि शॉर्टस्टॉप ॲलन ट्रॅमल एकाच दिवशी पदार्पण करतात आणि पुढे १९९५ पर्यंत शेजारी शेजारी उभे राहतात. १९८४ ला वर्ल्ड सिरीज जिंकले. दोघांचे आकडे काढले तर इतके सारखे की कुठला कुणाचा ते सांगता येणार नाही, हिट्स व्हिटेकरचे २३६९ आणि ट्रॅमलचे २३६५. होमरन व्हिटेकरचे जास्त, २४४ विरुद्ध १८५. वॉर म्हणून आकडा असतो (पुढच्या प्रश्नात सांगतो) तोही व्हिटेकरचाच थोडा जास्त, ७५ च्या आसपास.

आता बघा. २००१ मध्ये व्हिटेकर पहिल्यांदा मतपत्रिकेवर आला, ५१५ पैकी १५ मतं, २.९ टक्के, संपलं. पुढच्या वर्षी ट्रॅमल आला, त्याला १५.७ टक्के. तोही काही निवडून आला नाही, पण पाचच्या वर राहिला म्हणून पंधरा वर्षं त्याचं नाव दर हिवाळ्यात लोकांच्या तोंडी राहिलं, लेख आले, तुलना झाल्या, आणि त्या चर्चेच्या जोरावर डिसेंबर २०१७ मध्ये कमिटीने त्याला घेतलं. व्हिटेकरचं नाव कमिटीपुढे एकदाच आलं, २०१९ ला, सोळापैकी सहा मतं. एकाच जोडीतला एक आत आणि एक बाहेर, आणि फरक कशाचा, तर पहिल्या वर्षीच्या दहा-अकरा मतांचा. तेवढी जास्त पडली असती तर गाडी चालू राहिली असती.

व्हिटेकरचा एक किस्सा सांगायलाच हवा. १९८५ ची ऑल स्टार गेम मिनियापोलिसला होती आणि हा पठ्ठ्या युनिफॉर्म गाडीतच विसरून आला. मग काय, स्टेडियमच्या स्टॉलवर फॅन लोकांसाठी ठेवलेली टायगर्सची जर्सी आणली, पाठीवर मार्करने १ काढला आणि तसाच मैदानात उतरला. ती जर्सी पुढे स्मिथसोनियनने मागून घेतली.

केनी लॉफ्टनचंही ऐका. १९९२ ते १९९६ सलग पाच वर्षं अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त बेस चोरणारा, कारकिर्दीत ६२२. सेंटर फील्डला चार गोल्ड ग्लव्ह. त्याचं नशीब असं की तो २०१३ ला आला, तेव्हाच बाँड्स, क्लेमेन्स, सोसा, पियाझा, शिलिंग, बिजिओ सगळे पहिल्यांदा आले. मतदाराला दहाच खुणा. कुणी बाँड्सला देतोय, कुणी निषेध म्हणून कोरी मतपत्रिका पाठवतोय (ती कोरी मतपत्रिकाही एकूणात धरली जाते, म्हणजे सगळ्यांचेच टक्के खाली). ५६९ मतपत्रिका आणि निवडून आले शून्य. लॉफ्टनला १८ मतं, ३.२ टक्के. लोक स्टेरॉइडवाल्यांना शिक्षा करायला निघाले होते आणि मार बसला लॉफ्टनला.

जिम एडमंड्स, कार्लोस डेलगाडो, होर्हे पोसाडा, दोन साय यंगवाला योहान सांताना, सगळे पहिल्याच फेरीत गारद. यातले सगळे हॉलमध्ये हवेत असं मी म्हणत नाही, सांताना माझ्यासाठी हवा, पोसाडा बहुतेक नाही. पण निदान चर्चा तर होऊ द्या ना. स्कॉट रोलेनला २०१८ मध्ये १०.२ टक्के होते आणि २०२३ ला तो आत गेला. बिली वॅग्नर १०.५ पासून दहाव्या वर्षी ८२.५ ला पोचला. ॲन्ड्रू जोन्स ७.३ पासून निघाला आणि २०२६ ला कार्लोस बेल्ट्रानबरोबर आत गेला. या काळात जोन्सने एकही नवीन होमरन मारला नाही, फक्त लोकांना त्याच्याकडे नीट बघायला वेळ मिळाला. नियम बदलायचा तर पहिली तीन वर्षं कुणालाच काढू नका, साधी गोष्ट आहे.

वॉर म्हणजे काय? होमरन बघून चालत नाही का?

वॉर म्हणजे त्या जागी कुठलाही साधा बदली खेळाडू उभा केला असता तर त्याच्यापेक्षा या माणसाने टीमला किती मॅच जास्त जिंकून दिल्या, त्याचा अंदाज. बॅटिंग, पळणं, फील्डिंग, पोझिशन, मैदान सगळं त्यात येतं. पूर्वी ३००० हिट्स, ५०० होमरन, ३०० विजय असे ठोकताळे होते, त्यात फील्डरचा जीव जायचा. साधारण ६०-७० च्या वर वॉर असेल तर माणूस विचारात घ्यायलाच हवा. पण वॉर हा अंदाजच आहे, त्यातला फील्डिंगचा भाग तर जुन्या काळासाठी बराच ढोबळ, त्यामुळे ६८ आणि ७१ मध्ये फरक सांगत बसणाऱ्यांपासून लांब राहा.

हॅरल्ड बेन्स आत आहे, मग माझा आवडता का नाही?

हा युक्तिवाद दर वर्षी येतो. बेन्स चांगला बॅटर, २८६६ हिट्स, स्वभावाने सज्जन, पण पत्रकारांकडून त्याला कधी ६.१ टक्क्यांच्या वर मिळाले नाहीत. २०१८ च्या डिसेंबरमध्ये कमिटीने घेतलं, सोळापैकी बारा मतं लागतात, तेवढी बरोबर मिळाली. आणि कमिटीत कोण होतं, तर त्याचा जुना मॅनेजर टोनी ला रूसा आणि जुना मालक जेरी राइन्सडॉर्फ. आता काय बोलणार. पण एक चूक झाली म्हणून तीच पातळी धरायची तर उद्या शे-दोनशे जणांना आत घ्यावं लागेल.

काळ्या खेळाडूंच्या जुन्या लीग्जचं काय?

ज्यांना तेव्हा निग्रो लीग्ज म्हणत त्यांतले सॅचेल पेज १९७१ ला आणि जॉश गिब्सन १९७२ ला आत गेले, २००६ मध्ये एकदम सतरा नावं घेतली. २०२४ मध्ये त्या लीग्जचे आकडे मेजर लीगच्या रेकॉर्डमध्ये धरले आणि गिब्सन कारकिर्दीची .३७२ सरासरी घेऊन कॉबच्या वर गेला. पण २००६ ला ज्याने आयुष्यभर या खेळाडूंच्या आठवणी जिवंत ठेवल्या तो बक ओनील एका मताने राहिला. चौऱ्याण्णव वर्षांचा म्हातारा, तरी सोहळ्याला गेला, निवडून आलेल्या सतरा जणांच्या वतीने बोलला, लोकांना गाणं म्हणायला लावलं, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये वारला. २०२२ ला त्याचा फलक लागला.

मेल्यावर मान देऊन काय उपयोग?

घरच्यांना समाधान, बाकी काही नाही. रॉन सँटो डिसेंबर २०१० ला गेला, बरोबर एका वर्षाने निवडला. डिक ॲलन २०१४ ला एका मताने हुकला, २०२० ला गेला, २०२१ ला पुन्हा एका मताने हुकला, २०२४ ला निवडला. त्याच्याबरोबर निवडलेला डेव्ह पार्कर जिवंत होता, आणि सोहळ्याच्या एक महिना आधी, जून २०२५ मध्ये गेला.

असा एक माणूस सांगा जो आकड्यांशिवाय आत हवा.

कर्ट फ्लड. सात गोल्ड ग्लव्ह आहेत, पण मुद्दा तो नाही. १९६९ मध्ये सेंट लुईसने त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, तेव्हाचा नियमच तसा, खेळाडू आयुष्यभर क्लबच्या मालकीचा. फ्लडने कमिशनरला लिहिलं की मी काही विकायची वस्तू नाही, आणि केस केली. सुप्रीम कोर्टात १९७२ ला ५-३ ने हरला, करिअर संपलं. तीन वर्षांत दुसऱ्या दोन पिचर्सनी तो नियम मोडून काढला आणि आज खेळाडू कोट्यवधी डॉलरचे करार करतात. युनियनचा मार्व्हिन मिलर आत आहे, फ्लड नाही. या एका नावावर मला कुणाचं उलट मत अजून पटलेलं नाही.

कर्ट शिलिंग?

३११६ स्ट्राइकआउट, प्लेऑफमध्ये वाघ. खेळ बघितला तर आत. २०२१ ला ७१.१ टक्के, सोळा मतं कमी, मग स्वतःच म्हणाला माझं नाव काढा. त्याच्या राजकीय बडबडीमुळे मतं गेली हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचा प्रश्न.

आता पुढे कुणावर लक्ष ठेवायचं?

पत्रकारांच्या यादीत चेस अटली. त्याचे हिट्स २००० च्या खाली आहेत आणि पूर्वी एवढ्यावरच लोक नाव खोडायचे, पण ॲन्ड्रू जोन्स १९३३ हिट्सवर आत गेल्यामुळे ती भिंत पडलीय. मतपत्रिका ३१ डिसेंबरपर्यंत पाठवायच्या असतात, निकाल जानेवारीच्या उत्तरार्धात, आणि जे पत्रकार मत आधी जाहीर करतात त्यांची मोजणी नेटवर रोज अपडेट होते. ती बघताना एक ध्यानात ठेवा, मत लपवणारे लोक सहसा हात आखडून मत देतात, त्यामुळे मोजणीत ७८ दिसत असले तरी पेढे आणायला धावू नका.